दोराचं उत्तर

तुमसरातले राइस मिलवाले रविवारी काय करतात हे सगळ्या गावाला ठाऊक आहे: जेवतात आणि झोपतात. कमलेशला मात्र पाण्याखाली जायचं खूळ लागलं होतं. तो आणि त्याचा बालमित्र राजकुमार मालवणला जाऊन डायव्हिंग शिकून आले, येताना सिलिंडर घेऊन आले. समुद्र काही तुमसरात येणार नव्हता, म्हणून त्यांनी आंबागडच्या मागची बंद पडलेली मँगनीजची खाण शोधून काढली. वर्षानुवर्षं साचलेलं पाणी, आत पायऱ्यांसारखे तुटलेले काळे खडक, खडकांत कपारी. काठावरून थेट आत उतरता येई. मासे नव्हते. बेडूकसुद्धा नव्हते, पण त्याचं कोणाला नवल वाटलं नाही.

त्या रविवारी काठावर दोर धरायला कमलेशची बायको रीना होती. कमलेशने एक टोक स्वतःच्या कमरेला बांधलं आणि दुसरं तिच्या हाती दिलं.

"मधामधात एक हिसका देत जा. मी बी एक देईन, म्हंजे सब ठीक. लागोपाठ हिसके आले तं वर ओढ."

रीना सिहोऱ्याची. तिचे वडील गावतळ्यात अडकलेली जाळी सोडवायला बुडी मारत, तेव्हा असाच दोर लहानपणी तिने धरला होता. "आमच्याकडं काठावरचा माणूस पयले दोर नाई हालवत," ती म्हणाली. "बाबा सांगत, पाण्याले आपण होऊन विचारू नोको. विचारलं का ते उत्तर देते."

"सिहोऱ्याच्या पाण्याले बोलता येते वाटते, वहिनी," राजकुमार हसला.

"भेव लागत असंल तं गाडीत बस," कमलेश म्हणाला.

रीनाला हे झोंबलं. ती खडकाच्या टोकावर बसली आणि दोर तिने मनगटाला गुंडाळून घेतला. दोघं पाण्यात उतरले. काही वेळ बुडबुडे दिसले, मग वारा सुटला आणि पाण्यावर लाटा उठल्या. बुडबुडे दिसेनात.

तिने हिसका दिला. खालून एक हिसका आला. पुन्हा दिला, पुन्हा आला. तिला स्वतःच्याच भीतीचं हसू आलं.

मग पलीकडच्या अंगाला राजकुमार वर आला. एकटाच. हात मारत काठाशी पोहोचला आणि तोंडातली नळी काढून म्हणाला, "कमलेश आला काय वर?"

"नाई."

"दोर खडकात अटकून राहिला होता, म्हणून त्यानं कमरेचा सोडला आन तिकडं एका दगडाले बांधला. मंग गाळ उठला. मले दिसलाच नाई तो." त्याने सिलिंडरचा काटा पाहिला. "हवा हाय अजून. मी जातो परत."

"थांबा," रीना म्हणाली. "ते ठीक हायेत. आता आताच उत्तर दिलं."

राजकुमारने तिच्या हातून दोर घेतला आणि स्वतः हिसका दिला. खालून आला. एकच, स्वच्छ, माणसाच्या हाताचा.

त्याचा जीव भांड्यात पडला. "परत दोरापाशी आला वाटते. घाबरवून सोडलं बे यानं." त्याने पायातले पंख काढले, सिलिंडर उतरवलं आणि डब्यातला चिवडा काढला. दोघांनी खाल्ला. मधूनमधून रीना विचारत होती. मधूनमधून खालून उत्तर येत होतं.

चिवडा संपला.

राजकुमारने घड्याळ पाहिलं. मग ते काढून कानाला लावलं, जणू दोष घड्याळाचाच होता.

"वहिनी," तो हळू म्हणाला, "येवढा वेळ हवा नाई पुरत."

रीनाने हिसका दिला.

खालून एक हिसका आला. सब ठीक.

दुपारी शोधपथक आलं. कमलेश दूर कुठेच नव्हता. रीना ज्या खडकावर बसली होती, त्याच्याच खालच्या कपारीत त्याचा खांदा अडकला होता, हाताची बोटं खडक ओरबाडून सोलली होती. काठावरून वाकून कोणी पाण्यात हात घातला असता तर त्याला लागला असता. वर चिवडा चालला होता तेव्हा तो बराच वेळ जिवंत होता, असं पथकप्रमुखाने राजकुमारला बाजूला घेऊन सांगितलं. रीनाला ते ऐकू आलं. राजकुमारला तिनेच थांबवलं होतं, आणि हे आता जन्मभर तसंच राहणार होतं.

उन्हं कलली. कमलेशला काठावर चादरीखाली ठेवलं होतं, त्याची पावलं बाहेर राहिली होती. सगळे गाडीची वाट पाहत होते. दोर अजून पाण्यातच होता.

"तो तिकडं खाली दगडालेच बांधून हाय," पथकप्रमुख म्हणाला. "गाठ पाहून आलो. तिथं कोणी नाई. राहू द्या."

रीनाने दोर उचलला तो गुंडाळून ठेवायला.

तेवढ्यात खालून हिसका आला. मग आणखी एक. मग लागोपाठ.

राजकुमारने ते पाहिलं. "सोडा वहिनी," तो म्हणाला. "सोडा तो."

तिने चादरीबाहेरच्या पावलांकडे पाहिलं. मग त्यांच्याकडे पाठ केली, टाच खडकाला लावली आणि ओढायला सुरुवात केली.

दोर जड नव्हता. जो वर येत होता, तो पाय मारून साथ देत होता.