परडीचं पहिलं गिऱ्हाईक

बसा, पंख्याखाली बसा. पुण्याहून एवढ्या उन्हात आलात, आणि तेही माझ्याकडे धंद्याची युक्ती विचारायला, म्हणजे कमालच आहे. ‘परडी’ बंद होऊन दोन वर्षं झाली. इंटरनेटवर फुलांचा बाजार भरवणारी वेडी माणसं म्हणून लोक तेव्हा आम्हाला हसायचे, आणि आता तुम्हाला तसाच भाजीचा बाजार काढायचाय. सुरुवातीला विकणारे टिकवले कसे, असं तुम्ही फोनवर विचारलंत. सांगते. पण ती युक्ती माझी नव्हे, माझ्या नवऱ्याची, धनराजची. आणि ती तुम्ही उचलू नये, हेही आधीच सांगून ठेवते.

वास येतोय ना, तो मोगऱ्याचा. बाल्कनीत तेलाच्या डब्यात लावलाय. त्याच्याकडे नंतर येऊ.

असल्या बाजाराचं दुखणं तुम्हाला ठाऊक असेलच. माल नाही म्हणून गिऱ्हाईक फिरकत नाही, आणि गिऱ्हाईक नाही म्हणून कुणी माल ठेवत नाही. २००३ साली आम्ही तिघांनी परडी काढली. मी, धनराज आणि त्याचा मित्र गोरक्ष. मखमलाबाद, दिंडोरी, ओझर इकडचे फुलं पिकवणारे आम्हाला फोनवर माल सांगायचे, आम्ही तो साइटवर चढवायचो, आणि हॉटेलवाले, मांडववाले तिथं बघून थेट त्यांना फोन करायचे. बोलायला छान वाटतं. प्रत्यक्षात नाव नोंदवलेली बाई आठवडाभर फोनकडे बघत बसायची आणि मग पुन्हा पाटी डोक्यावर घेऊन फुलबाजार गाठायची.

गोरक्षचं म्हणणं, जाहिरात करू. धनराज म्हणाला, जाहिरातीनं माणसं येतात, थांबत नाहीत. नोंदणी केली त्याच दिवशी एक फोन वाजला पाहिजे. एक वाजला की माणूस वर्षभर वाट बघतो.

म्हणून त्यानं एक गिऱ्हाईक तयार केलं. नाव ठेवलं चिमाजी. नोंदणीला गोरक्ष जायचा, त्यामुळे धनराजला कुणी ओळखत नव्हतं. ऑफिसचा नंबर मात्र ओळखला असता, म्हणून हा पठ्ठ्या स्कूटर काढून नाशिक रोड स्टेशनजवळच्या एसटीडी बूथवर जायचा आणि तिथून नव्या माणसाला फोन लावायचा. फुलं ताजी आहेत का, बायकोला गजरा करायचाय, उद्या येऊन घेऊन जातो. आणि दुसऱ्या दिवशी खरोखर जायचा. शब्द दिला की पाळणारच, मग घरी जेवायला कितीही उशीर होवो. शेवंतीचा, अबोलीचा, अगदी झेंडूचासुद्धा गजरा मी घातलाय. चिमाजीरावांच्या बायकोचं डोकं आहे की देव्हारा, असं मी त्याला चिडवायचे. दुसरा फोन मात्र तो कुणालाच करायचा नाही. दुसरा खऱ्या गिऱ्हाइकाचा यायला हवा, हा त्याचा नियम होता.

आणि खरंच, लोक टिकले.

२००६ च्या दिवाळीआधी, असाच चिमाजी होऊन निशिगंध आणायला गेलेला असताना, निफाडच्या रस्त्यावर ट्रकनं त्याला उडवलं. फुलांची पिशवी तशीच होती, एक दांडीसुद्धा मोडलेली नव्हती. मी घरी ताटं मांडून थांबले होते. त्या दिवसापासून मला निशिगंधाचा वास सोसत नाही. खरं तर तेव्हा काहीच सोसत नव्हतं. गोरक्षनं काम चालू ठेवलं आणि मी ऑफिसात नुसती जाऊन बसायचे, कारण घरी बसवत नव्हतं.

तेव्हा आपल्याकडे लोडशेडिंग जोरात होतं. दुपारी वीज गेली की कॉम्प्युटर मुके व्हायचे, पंखे थांबायचे, आणि साधा फोन तेवढा जिवंत राहायचा. अशाच एका दुपारी गोजराबाईंचा फोन आला. ओझरकडच्या, आठवड्यापूर्वीच नोंदवलेल्या.

“बाई, ते तुमचं गिऱ्हाईक काय आलं नाय. शेवंती काढून ठिवली, ती सुकून गेली.”

कुठलं गिऱ्हाईक, असं मी विचारलं.

“नाशिक रोडचं. चिमाजी म्हनलं. बायकोला गजरा पायजे म्हनलं.”

मला वाटलं, गोरक्षनं मित्राची रीत चालू ठेवली. बरंही वाटलं आणि रागही आला. त्याला विचारलं तर तो पांढरा पडला. आईची शपथ घेऊन म्हणाला, मी एकही फोन केलेला नाही. मग दिंडोरीच्या नाथानं तेच सांगितलं. फोन लोडशेडिंगच्या वेळेलाच आला, मागे स्टेशनवरची गाडीची सूचना ऐकू येत होती, आणि माणूस घसा बसल्यासारखा बोलत होता. उद्या येतो म्हणाला आणि आला नाही. नवीन नोंदणी झाली की ठरलेलं. एकच फोन, तेच बोलणं, आणि मग कुणाचाच पत्ता नाही.

मी नाशिक रोडला गेले. बूथ दिवाळीनंतरच बंद झालेलं. तिथं एक पोरगा मोबाइलची कार्डं विकत होता. आतल्या भिंतीवर फोन काढल्याची चौकट राहिली होती आणि तिच्यातून तुटलेली वायर लोंबत होती. मी ती हातात धरून बघितली. पोराला काय वाटलं असेल कोण जाणे.

घाबरले का, असं विचाराल. गोरक्ष घाबरला. मला मात्र हेवा वाटला. मखमलाबादच्या, दिंडोरीच्या अनोळखी माणसांना त्याचा आवाज ऐकायला मिळत होता आणि मला नाही. बाकी काही नको होतं हो. एकदा आवाज ऐकायचा होता, एवढंच.

त्या उन्हाळ्यात हा मोगरा फुलला. धनराजनंच लावलेला, तो असेपर्यंत एक कळी धरली नव्हती. मी स्वतः कॉम्प्युटरवर बसले आणि परडीत एक नवी विकणारी नोंदवली. माल, ओंजळभर मोगरा. नाव माहेरच्या एका मावशीचं दिलं, पण नंबर या घरचाच. म्हटलं, नंबर बघून तरी ओळखेल.

दुपारी वीज गेली. पंखा हळूहळू थांबला. मी फोनजवळ जमिनीवर बसून राहिले. खालच्या रस्त्यावरचे आवाजही कमी कमी होत गेले, आणि मोगऱ्याचा वास इतका दाटला की डोकं जड झालं. तेवढ्यात फोन वाजला.

मागे गाडीची सूचना चालली होती. मग घसा खाकरल्याचा आवाज आला. ते खाकरणं मी झोपेतही ओळखलं असतं.

“चिमाजी बोलतोय, नाशिक रोडवरून. मोगरा आहे ना तुमच्याकडे?”

“आहे,” मी म्हटलं.

“ताजा आहे ना? बायकोला गजरा करायचाय.”

त्याला माझा आवाज ओळखू आला नाही. आठ वर्षं एका ताटात जेवलेलो आम्ही. मी डोळे पुसले आणि परकी बाई विचारेल तसं विचारलं, “कशा आहेत तुमच्या बाई?”

हे त्याच्या ठरलेल्या बोलण्यात नव्हतं.

“वाट बघत असेल... जेवायची थांबलीय ती. मला जरा उशीर झालाय.” मग पुन्हा कामाचं. “पत्ता सांगा. उद्या येऊन घेऊन जातो.”

मी पत्ता सांगितला. इमारत, मजला, दाराचा रंगसुद्धा. पलीकडे नुसती गाडीची सूचना पुन्हा पुन्हा वाजत राहिली.

“हे तर... माझं घर आहे,” तो म्हणाला. “तिथं तुम्ही कोण? संध्या कुठंय? ती बरी आहे ना?”

किती घाबरला होता तो. माझ्यासाठी घाबरला होता, आणि मीच त्याच्याशी बोलत होते. मी संध्याच आहे, हे ओठांवर आलं होतं. पण मग ‘तू कुठं आहेस’ हेही विचारावं लागलं असतं, आणि त्याचं उत्तर त्याला ठाऊक नव्हतं.

“बरी आहे,” मी म्हटलं.

“मग तिला सांगा... जेवून घे म्हणावं. लोक नोंदवतच चाललेत. एकेकाला फोन केल्याशिवाय मला निघता येत नाही.”

फोन बंद झाला. मी तिथंच पडून वीज येईपर्यंत रडले.

दुसऱ्या दिवशी मी गोरक्षला सांगितलं, आजपासून नवी नोंदणी बंद. तो खूप समजावत होता. मुंबईचे लोक पैसे घालायला तयार झाले होते. बाजारात नवे विकणारे येणं थांबलं की बाजार संपतो, हे तुमच्यासारख्यांना मी काय सांगायचं. तरी बंद केली. नवं नाव आलं नाही तर त्याला फोन करावा लागणार नाही, आणि फोन उरले नाहीत तर तो घरी येईल, एवढा साधा हिशेब होता माझा. वर्ष संपायच्या आत परडीला कुलूप लागलं. गोरक्ष आजही माझ्याशी बोलत नाही.

तो लगेच आला नाही. कारण मी एक गोष्ट विसरले होते. त्यानं सगळ्यांना शब्द दिले होते.

आधी गोजराबाईंचा फोन आला. भर दुपारी एक माणूस बांधावर येऊन उभा राहिला, उशीर झाला म्हणाला, पावशेर शेवंती घेऊन गेला. चांगला वाटला, पण त्या वाफ्याला पुन्हा कळी धरली नाही. मग काही महिन्यांनी नाथाचा गुलाब. ज्या क्रमानं शब्द दिले, त्याच क्रमानं तो फिरतोय. चालत असावा, नाहीतर एवढा वेळ लागला नसता.

माझ्या आधीची नोंदणी मखमलाबादच्या सावित्रीबाईंची. त्यांचा फोन काल आला.

“आलं व्हतं तुमचं गिऱ्हाईक. बसा म्हनलं, पानी घ्या म्हनलं, तर नको म्हनलं. आता एकच घर राह्यलं म्हनलं.”

म्हणून तुम्ही आलात तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं. तुम्हाला माझ्या केसांकडे बघून नवल वाटलं, ते मी पाहिलं. शेजारणींनाही सकाळी वाटलं. नवरा गेलेल्या बाईनं एवढा मोगरा कशाला माळावा?

सांगते. तो विकत घ्यायला येणार आहे. मी ताटलीत फुलं मांडून बसले, तर तो विकणारीकडून घेऊन जाईल, मागच्यासारखाच, न ओळखता. म्हणून आज पहाटे झाडावरचा एकूणएक मोगरा काढला, गजरा केला आणि घातला. विकायला आता काही ठेवलेलं नाही. फुलं हवी असतील तर त्याला माझ्याकडे बघावं लागेल.

ताटं दोन आहेत, तुम्हाला तिसरं वाढलं असतं, पण तुम्ही आता निघालात तर बरं. नाही, रागावले नाही. पंखा थांबला, बघितलंत ना? आणि त्या समोरच्या घरातला फिरतोय. जिन्यात कुणी भेटलं तर वाट द्या, आणि उशीर का झाला ते तेवढं विचारू नका.