येते म्हणायचं नाही

विश्वास ठेवा, नका ठेवू. पण हे माझ्या धाकट्या मावशीच्या बाबतीत खरंच घडलंय, आणि थापा मारणं तिच्या रक्तात नाही. मारल्याच तर हसू आवरत नाही तिला. हे सांगताना ती हसली नव्हती.

रात्र वगैरे नव्हती. रविवारची टळटळीत दुपार होती.

जागा म्हणजे औषधांच्या एका मोठ्या गोदामातली सर्व्हर रूम. शेजारीच शीतगृहं, इन्सुलिननं भरलेली. तिथली थंडी सांभाळणारे सर्व्हर या खोलीत आहेत, आणि त्या सर्व्हरवर नजर ठेवणारा एक प्रोग्रॅम. जरा काही बिघडलं की तो फोनवर मेसेज पाठवतो. एरवी तासातासाला कळवतो, 'सगळं ठीक आहे.' सगळे त्याला पहारेकरी म्हणतात.

मावशी तिथंच कामाला. पहारेकरी बसवला तो तात्यांनी, तिथल्या सगळ्यात जुन्या माणसानं. मावशीला हे काम हाताला धरून शिकवलं तेही तात्यांनीच. माणूस हुशार, पण एक घोळ घालून ठेवला. पहारेकऱ्याला चालायला त्याचं स्वतःचं वेगळं लॉगिन द्यायचं असतं. तात्यांनी घाईत आपलंच नाव दिलं, आपलाच पासवर्ड दिला.

"तात्पुरतं आहे गं," म्हणाले.

ऑफिसातलं तात्पुरतं किती वर्षं चालतं, ते तुम्हाला सांगायला नको.

मग एका संध्याकाळी तात्या नेहमीसारखे दारात वळले, खोलीकडे बघून "येतो" म्हणाले, आणि घरी पोचायच्या आत गेले. हार्ट अटॅक.

माणूस गेला. पहारेकरी मात्र त्यांच्याच नावानं चालत राहिला.

मावशीला ते बघवेना. "साहेब, एकदा मशीन बंद पडून चालू झालं की ते पासवर्ड मागणार," ती म्हणाली. "तो कुणाला माहितीये?"

"चालतंय ना? मग कशाला हात लावतेस?" साहेब म्हणाले. "बिघडलं तर तुझ्या अंगावर येईल."

"येऊ दे," मावशी म्हणाली.

ती तशीच आहे. नको म्हटलं की आधी तेच करते.

रविवारी ऑफिस रिकामं होतं. तिनं पहारेकऱ्यासाठी नवं लॉगिन तयार केलं. कुणाच्याच नावाचं नसलेलं. तात्यांचं लॉगिन कायमचं बंद केलं. मग पहारेकरी थांबवला, त्याच्या सेटिंगमध्ये नवं नाव टाकलं, पासवर्ड दोनदा टाकला, ओके केलं.

सुरू करायला गेली...

नाही झाला. लॉगिन चुकीचं म्हणे.

तिनं सेटिंग पुन्हा उघडलं.

नावाच्या रकान्यात... तात्यांचं नाव होतं.

"माझाच हात चुकला असेल," असं म्हणून तिनं सगळं पुन्हा केलं. एकेक अक्षर मोठ्यानं वाचत. ओके.

मागे कुणीतरी घसा खाकरला...

तात्या ओके करायच्या आधी असंच खाकरायचे. दर वेळी.

तिनं मागे पाहिलं. तात्यांची खुर्ची. रिकामी.

आणि मग तिच्या लक्षात आलं, खोलीत आवाजच नाहीये. सर्व्हरचे पंखे अहोरात्र घोंघावत असतात, त्या खोलीत ओरडून बोलावं लागतं. हिरवे दिवे लुकलुकत होते, पंख्याची पाती फिरताना दिसत होती.

आवाज मात्र... शून्य.

स्क्रीनवर पुन्हा तात्यांचं नाव.

तेवढ्यात तिचा फोन थरथरला. पहारेकऱ्याचा मेसेज.

'सगळं ठीक आहे.'

मावशीनं मेसेज पुन्हा वाचला. पहारेकरी बंद होता. तिनंच तर बंद केला होता!

मग हा पहारा करतंय कोण?

दुसरं कुणी असतं तर पर्स घेऊन पळालं असतं. मावशी उठली ती थेट शीतगृहांकडे गेली. दारावर काट्याचे जुने तापमापक आहेत. पहिलं ठीक. दुसरं ठीक. तिसऱ्याचा काटा लाल रेषेला टेकायला आला होता. आतलं थंड करणारं यंत्र बंद पडलं होतं. तिनं जादाच्या यंत्राचा खटका ओढला आणि काटा खाली सरकेपर्यंत तिथेच उभी राहिली. आणखी थोडा उशीर झाला असता तर आतलं सगळं इन्सुलिन फेकावं लागलं असतं. माझी आजी, म्हणजे तिची आई, रोज तेच टोचून घेते.

फोन पुन्हा थरथरला. 'सगळं ठीक आहे.'

आता मात्र तिचं डोकं फिरलं. भीती कुठल्या कुठे गेली, म्हणते ती. नुसता संताप. ती तरातरा सर्व्हर रूममध्ये आली आणि खुर्चीसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"काय ठीक आहे, तात्या? तुम्हाला दिसत नाहीये आता! तिसरं तापलं होतं. तुम्हाला कळलंसुद्धा नाही!"

ती एक पाऊल पुढे सरकली.

"तुम्ही येतो म्हणून गेलात, म्हणून परत आलात ना? कुणी जा म्हटलंच नाही तुम्हाला. मी म्हणते. तुमचा पहारा संपला. जा!"

बोलता बोलता ती रडायला लागली. ज्यांनी बोट धरून शिकवलं त्यांना असं हाकलायचं... पण शब्द मागे घेतला नाही तिनं.

"जा म्हणते ना!"

खुर्ची करकरली. जरा मागे सरकली... कुणी उठताना सरकते तशी.

आणि धाडकन पंख्यांचा आवाज परत आला.

मावशीनं डोळे पुसले. नाव टाकलं, पासवर्ड टाकला, ओके केलं. पहारेकरी पहिल्या फटक्यात सुरू झाला आणि त्याचा पहिला मेसेज आला, 'शीतगृह तीन, मुख्य यंत्र बंद.'

खरं बोलला एकदाचा.

सोमवारी साहेबांनी सगळं तपासलं. ते दोन मेसेज कुठून आले, याचा पत्ता त्यांना आजवर लागलेला नाही.

इथवर ठीक होतं. पण त्या रविवारी निघताना मावशीनं पर्स उचलली, दारापाशी वळली आणि सवयीनं तिच्या तोंडून निघून गेलं...

"येते हं."

आतून, अगदी मायेनं, आवाज आला...

"ये."

मावशी पळाली नाही. परत आत गेली. ती खुर्ची ओढली, तिच्यात बसली.

"येणार ते माझी मी," ती म्हणाली. "नोकरी आहे माझी. कुणी बोलावलं म्हणून नाही. आत्ता जाते."

अजूनही ती तिथेच काम करते, त्याच खुर्चीत बसून. आमच्या घरून निघतानासुद्धा "जाते" म्हणते. आजी दर वेळी ओरडते, "अगं, येते म्हणावं!" मावशी ऐकत नाही.

ऑफिसातून निघतानाही "जाते" म्हणते, आणि दारात जरा वेळ थांबते.

"कशाला थांबतेस?" मी विचारलं.

"कुणी काही म्हणतंय का, बघते."

"म्हणतं?"

मावशीनं चपला घातल्या. दार उघडलं.

"जाते," म्हणाली.