कचरापेटीचं हिरवं दार

पटलं तर घ्या, नाहीतर घरी जाऊन झोपा, असं काका सुरुवातीलाच बजावतात. लाइट गेलेली असते, दुकानाचं शटर अर्धं खाली, पोरं रिकाम्या खोक्यांवर. काकांच्या हाताखाली कॉम्प्युटर दुरुस्ती शिकलेला एक जण होता. अंगानं काडी, म्हणून सगळे त्याला खिळा म्हणायचे. हे त्याच्यावर गुदरलेलं.

नऊ जानेवारी, शुक्रवारची रात्र. जेवण उरकून खिळा हेडसरांकडे निघाला. काम किरकोळ होतं. सरांच्या मुलाचा जुना कॉम्प्युटर साफ करायचा, सरांना तो भाच्याला द्यायचा होता.

मुलगा जाऊन दोन महिने झाले होते. शाळा सोडून घरी बसलेला, दिवसभर डेस्कटॉपवरचे आयकॉन बदलत राहायचा. एकेक ठिपका रंगवून चित्रं स्वतः काढायचा. सरांच्या लेखी ही थेरं. परीक्षेला बसवायचं म्हणून त्यांनी त्याला खोलीत कोंडलं, बाहेरून कडी घातली. आत पोराला दम लागला. त्यानं दार बडवलं. सर बाहेर पेपर वाचत होते. म्हणाले, "नाटकं बंद कर." बडवणं थांबलं तेव्हा पोरगं ताळ्यावर आलं म्हणून ते खूशही झाले. पुढं भेटायला येईल त्याला सांगायचे, आयुष्यच तेवढं होतं. मोठ्या माणसांना असं म्हणून मोकळं होता येतं.

सरांच्या बायकोनं, बाईंनी, खिळ्याला पायरीवरच गाठलं. "चित्रं तेवढी काढून घे रे बाळा. ह्यांना कळू देऊ नकोस. माझ्याकडे त्याचं दुसरं काही ह्यांनी ठेवलं नाहीये."

खिळ्यानं खिशातला कोरा पेन ड्राइव्ह चाचपला, मान डोलावली.

पण सर खोलीत येऊन त्याच्या मागेच उभे राहिले. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, नजर तीच, शाळेतली. तिशी उलटली तरी खिळा सावरून बसला. पेन ड्राइव्ह खिशातच राहिला.

पडद्यावर आईची कात्री होती, पाण्याचा माठ होता, मोडकी खुर्ची होती. पुसलेलं जिथं जातं त्या कचरापेटीच्या जागी याच खोलीचं हिरवं दार. पेटीत काही असलं की दार उघडं, पेटी रिकामी असली की बंद.

"सगळं पुस," सर म्हणाले.

खिळ्यानं चित्रं पेटीत टाकली. हिरवं दार उघडलं. पेटी रिकामी केली. दार बंद झालं.

मागं, खोलीचं दारही लागलं.

सरांनी ओढून पाहिलं. हलेना. त्यांनी बाईंना हाक मारली, बाहेरून कडी काढायला सांगितलं.

"कडी तुम्हीच उपटून टाकलीत ना," बाई पलीकडून म्हणाल्या. "मी ढकलतेय... हलत नाहीये."

सरांना धाप लागली.

खिळ्यानं खांदा लावला, लाथा घातल्या. मग त्याची नजर पडद्याकडे गेली. चित्रं तर सगळी पुसली होती. मग हे दार दिसतंय कुठून?

त्याला कळलं, चित्रातलं दार उघडलं तरच खोलीचं उघडणार. हाताला लागली ती फाइल त्यानं पेटीत टाकली. दार बंदच. जुन्या सिस्टीमची ही खोड त्याला ठाऊक होती. हातानं बदललेलं चित्र आपणहून पालटत नाही, रिफ्रेश करावं लागतं.

केलं. बंद.

पुन्हा केलं. बंद...

सर दार बडवत होते. दोन्ही हातांनी. मग एकाच.

"नाटक नाही रे..." सर म्हणाले. खिळ्याला नाही. तो तर मागे बसला होता.

रिफ्रेश. बंद.

रिफ्रेश...

बडवणं थांबलं.

मग चित्रातलं दार उघडलं. खोलीचंही. उंबऱ्यात बाई उभ्या होत्या, हात ढकलण्यासाठी उचललेले, तसेच.

डॉक्टरांनी हृदय बंद पडल्याचं लिहिलं. सरांचा चष्मा मात्र सापडला नाही. पलंग हलवला, कपाट हलवलं... नाहीच.

इथं काका थांबतात.

बऱ्याच दिवसांनी खिळ्यानं तो पेन ड्राइव्ह या दुकानात लावला. त्या रात्री खिशातून बाहेर न आलेला, कोरा. त्यात एकच चित्र होतं. हिरवं दार, बंद. बाहेरच्या बाजूला, उंबऱ्यापाशी, ठिपका ठिपका जोडून काढलेला चष्मा.

एका काडीला दोरा बांधलेला.