सुपातला विराम

पुण्याच्या ध्वनिविज्ञान प्रयोगशाळेत डॉ. हेमांगी ओक यांनी बांधलेलं यंत्र दिसायला साधं होतं, पण गाणाऱ्यांना त्याची धडकी भरायची. त्याचं नाव कर्तृत्वशोधक. नामांकित निर्माते गायकांना झाकोळून टाकतात ही ओरड जुनीच, तिचा एकदाचा निकाल लावायला नियम झाला होता. शोधक ज्याचं म्हणेल, त्याच्याच नावावर गाणं प्रसिद्ध होईल. हेतू चांगला होता, म्हणून कुणी फारसं खोलात शिरलं नाही.

वैजयंती कोळंबकर पडद्यासमोर बसली होती. आजवरची सगळी गाणी तिने तेजस सरंजामे या बड्या निर्मात्याकडे गायली होती. त्याला सोडून तिने पहिल्यांदाच स्वतःचं गाणं केलं होतं, कुडाळजवळच्या घरी आईच्या तोंडून ऐकलेलं. आई अंथरुणाला खिळली होती. लेकीच्या नावाने ते गाणं रेडिओवर ऐकायचं, एवढंच तिने मागितलं होतं. शोधकाने गाणं वाचलं आणि पडदा जवळजवळ सगळा लाल झाला. लाल म्हणजे सरंजामे, हिरवं म्हणजे ती स्वतः.

"ओळीच्या शेवटच्या शब्दाआधी तुम्ही थांबता ना, तो विराम त्यांचा आहे," हेमांगी म्हणाल्या. "सूर त्याच्यावर तोललेले आहेत, त्यामुळे तेही त्यांच्याकडे गेले."

"तो विराम आईचा आहे, मॅडम. ती सुपात तांदूळ पाखडताना गायची. तूस उडालं की तोंडात जाऊ नये म्हणून ओठ मिटायची आणि मग उरलेला शब्द म्हणायची. मी तिच्या मांडीला टेकून शिकले."

हेमांगींना ते खरं वाटलं. त्यांनी सरंजामेला बोलावून घेतलं. माणूस लबाड नव्हता, हीच पंचाईत होती. वैजयंतीच्या पहिल्या ध्वनिमुद्रणात वादकांनी तो विराम चूक म्हणून काढायला घेतला, तेव्हा राहू दे असं सरंजामे म्हणाला होता. मग त्याने तो इतर गायकांनाही शिकवला. वर्षं गेली आणि आपण राहू दिलेली गोष्ट आपणच घडवली, असं त्याला मनापासून वाटू लागलं.

"शैलीचा ठसा शोधक कशावरून ठरवतो?" त्याने विचारलं.

"प्रसिद्ध झालेल्या गाण्यांवरून. अनेक गायकांत जे सारखं सापडतं, ते निर्मात्याचं. जे एकाच गायकात सापडतं, ते त्या गायकाचं."

"मग चुकलं कुठे?"

चूक हेमांगींना आता दिसली. ज्या गायकाची लकब सगळ्यांनी उचलली, त्याच्याजवळ त्याचं असं काहीच उरणार नव्हतं. यंत्र बांधताना हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. पण नियमात शोधकाचाच शब्द चालायचा, म्हणून सरंजामेला भेटण्याआधीचं तुमचं ध्वनिमुद्रण आणा, आईचं आणा, असं त्या वैजयंतीला म्हणाल्या. पण तांदूळ पाखडणाऱ्या बाईचं ध्वनिमुद्रण कोण करून ठेवतो? आणि आईला आता गायचं तर राहोच, बोलतानाही धाप लागायची.

एकच वाट उरली. शोधकासमोर बसून वैजयंती गायची आणि जिथे लाल दिसेल तिथे हेमांगी तिला थांबवायच्या. आधी विराम गेला. मग त्याच्यापाठची हलकी उसळी गेली, शेवटच्या शब्दावरचा दाब गेला. रोज रियाज करून ती स्वतःला विसरायला शिकत होती. एकदा सराव चालू असताना ती रडली, तेव्हा गाण्यात काही नवीन उमटलं आणि पडद्यावर थोडं हिरवं आलं. हेमांगींनी ते टिपून घेतलं आणि नंतर त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

पावसाळा संपता संपता सगळा पडदा हिरवा झाला. गाणं वैजयंती कोळंबकर या नावाने रेडिओवर लागलं. प्रयोगशाळेत पेढे वाटले गेले. तिने तिथूनच घरी फोन लावला.

"आयकलंस गो, आये?"

पलीकडून आईची धाप ऐकू आली.

"आयकलंय. आवाज तुझ्यासारखोच आसा गो," आई म्हणाली. "पण गाता कोण?"

 वैजयंतीने फोन तोंडाजवळ धरला आणि आईसाठी, पूर्वी गायची तसंच, गायला सुरुवात केली. शोधक चालूच होता. शेवटच्या शब्दाशी आल्यावर ती थांबायला गेली, पण तिला थांबता आलं नाही. ओळ सलग पुढे निघून गेली. ती पुन्हा पहिल्यापासून गायली. ओळ पुन्हा सलगच गेली. पलीकडे आई ओठ मिटून वाट पाहत होती, आणि इकडे पडदा शेवटपर्यंत हिरवा होता.