तारांकित प्रश्न क्रमांक ४१२७

नीळूभाऊ लांजेवारांनी तीस वर्षांच्या आमदारकीत दोन गोष्टी कोणालाही कधी नाकारल्या नाहीत. एक भेट आणि दुसरा फोटो. सोनझरी मतदारसंघातून सहा वेळा निवडून आलेला हा माणूस आता एकाहत्तराव्या वर्षी थांबणार होता. "पक्षानं थांबवायच्या आत मीच थांबतो," असं ते भेटेल त्याला हसत हसत सांगत. उद्या विधानसभेत त्यांचा गौरव व्हायचा होता, आणि गौरवाच्या आधी हल्ली जे होतं ते आज सकाळी व्हायचं होतं. त्यांचा मागोवा यायचा होता.

पूर्वी बरं होतं. निवृत्त होणाऱ्या प्रत्येकाला 'लोकनेता', 'तळागाळातला माणूस', 'अजातशत्रू' ही तीच ती विशेषणं मिळायची आणि सगळे सुखानं घरी जायचे. मग 'मागोवा' नावाची यंत्रणा आली. सभागृहात उच्चारलेला प्रत्येक शब्द, खात्यांच्या फायली, दवाखान्यांची रजिस्टरं, शाळांची हजेरी, एसटीची वेळापत्रकं, पाऊसपाणी, असं सगळं तिच्या पोटात घातलेलं होतं. त्यातून ती एखाद्या तालुक्याचा गेलेला काळ होता तसा उभा करायची. मग त्यातली एकच गोष्ट बदलून तोच काळ पुन्हा हजारो वेळा चालवून पाहायची. अमुक आमदार त्या दिवशी बोललाच नसता, तर काय झालं असतं? तमुक बोलला असता, तर? तज्ज्ञ याला 'फेरचाचणी' म्हणत. आमदार मंडळी आपसात यंत्रणेला चित्रगुप्त म्हणत आणि तिला जाम टरकून असत. म्हणूनच की काय, अहवालातली कोणतीही एक नोंद सदस्याला कारण न देता वगळता येईल, असा नियम होता. तो केला कोणी हे सांगायला नको.

नागपूरच्या आमदार निवासातल्या खोलीत भाऊ चहाचा कप घेऊन बसले होते. समोर पडद्यावर अहवाल उघडून कुंदा हटवार बसली होती. ही त्यांची स्वीय सहायक. अठरा वर्षांपूर्वी भर जुलैत भाताच्या रोवणीच्या वेळी तिच्या नवऱ्याला, मोरेश्वरला, बांधावर साप चावला आणि तो गेला. पदरात काही नसलेल्या त्या बाईला भाऊंनी तिसऱ्याच महिन्यात कार्यालयात बोलावून घेतलं, टायपिंग शिकायला पाठवलं, कामाला लावलं. भाषणात भाऊ हे कधी सांगत नसत. चारचौघांत मात्र सांगत, आणि सांगताना त्यांना फार बरं वाटे.

"आधी पूल वाच," भाऊ म्हणाले. सोनझरीचा पूल म्हणजे त्यांची आयुष्यभराची ओळख.

कुंदानं वाचलं, "सदस्यांचा सहभाग नसता, तर पूल सात महिने आधी पूर्ण झाला असता."

"आधी?"

"आधीच लिहिलंय जी भाऊ. भूमिपूजनाची तारीख तुमच्यासाठी दोनदा पुढं ढकलली होती ना."

"हट्! यंत्राला काय कळतं भूमिपूजन! बरं, लग्नं? लग्नांचं काय म्हणतो तुझा चित्रगुप्त?"

"अकरा हजार चारशे लग्नांना हजेरी. परिणाम शून्य."

"शून्य? नवरदेवाच्या बापाला विचारा म्हणावं!"

कुंदा खुदकन हसली. पुढची नोंद वाचताना तिचा आवाज बदलला. बावीस वर्षांपूर्वी भाऊंनी सभागृहात अर्ध्या मिनिटाचा एक उपप्रश्न विचारला होता. सकाळची एसटी शाळेच्या वेळेआधी का सोडत नाही, एवढाच. बस अर्धा तास लवकर सुटू लागली. त्यामुळे आजवर दोनशे बारा मुली दहावी झाल्या, नाहीतर झाल्या नसत्या, असं यंत्रणेचं म्हणणं होतं.

"हे मी विचारलं होतं?" भाऊंना काही केल्या आठवेना. डोळे मात्र भरून आले. "अरे वा! दोनशे बारा! कुंदा, उद्या पुलाचं राहू दे, एवढंच सांगायला लाव." त्यांनी कप खाली ठेवला आणि उपरण्यानं डोळे टिपले.

कुंदा पुढे वाचत होती, पण मनातल्या मनात. मग ती थांबली.

"काय झालं? वाच ना."

"तुम्हीच वाचा भाऊ," असं म्हणून तिनं पडदा त्यांच्याकडे फिरवला आणि ती उठून खिडकीपाशी उभी राहिली.

भाऊंनी चष्मा लावला. एकोणीस वर्षांपूर्वीच्या हिवाळी अधिवेशनातली नोंद होती. तारांकित प्रश्न क्रमांक ४१२७. मांगलटोला आरोग्य केंद्रात प्रतिविष, म्हणजे लोक ज्याला सापाचं इंजेक्शन म्हणतात ते, वर्षभर उपलब्ध नाही, हे खरे आहे काय? विचारणारे सदस्य, नीळकंठ लांजेवार. छापील उत्तर नेहमीचंच होतं, 'हे अंशतः खरे आहे. कार्यवाही सुरू आहे.' पण मंत्र्यांच्या हातातल्या टिपणात अधिकाऱ्यांनी खाली आणखी एक ओळ लिहिली होती, 'सदस्यांनी आग्रह धरल्यास पंधरा दिवसांत पुरवठ्याचे आश्वासन द्यावे.' ते टिपण आता सगळ्यांसाठी खुलं झालं होतं.

आग्रह धरायला सदस्य जागेवर नव्हते. अध्यक्षांनी नाव पुकारलं, 'सदस्य अनुपस्थित' अशी नोंद झाली आणि पुढचा प्रश्न आला. तीन मिनिटांनी भाऊ परत येऊन बसले होते. पुढच्या पावसाळ्यात मांगलटोला परिसरात सर्पदंशानं सात माणसं गेली. प्रश्न विचारला गेला असता, तर त्यातली पाच वाचण्याची शक्यता शंभरात ऐंशी होती. त्या पाचांची नावं दिली नव्हती, फक्त गाव आणि तारीख होती. तिसरी तारीख चौदा जुलै. मोरेश्वरची.

"मी कुठं होतो?" भाऊ पुटपुटले.

यंत्रणेकडे तेही होतं. सभागृहाबाहेरच्या व्हरांड्यातलं चित्रण सुरू झालं. एक शिपाई चिठ्ठी देतो आहे, 'मतदारसंघातली माणसं आली आहेत, दोनच मिनिटं.' बावन्न वर्षांचे भाऊ लगबगीनं बाहेर येतात. नऊ-दहा माणसं, टोप्या, हार, हसणं. सगळे रांगेत उभे राहतात. एकाचा फोन नीट चालत नाही म्हणून फोटो पुन्हा काढतात.

"आमच्याच गावचे आहेत जी ते," कुंदा खिडकीतून मागे वळून म्हणाली. "हा डावीकडचा तर आमचा शेजारी."

लोकांना ताटकळत ठेवायचं नाही, एवढ्या एका गुणावर हा माणूस सहा वेळा निवडून आला होता. त्याच गुणानं हे केलं होतं, आणि ते कबूल करायला त्यांची जीभ रेटत नव्हती. खाली पडद्यावर 'ही नोंद वगळावी काय?' अशी चौकट आपली मुकाट्यानं वाट पाहत होती. भाऊंनी तिच्याकडे पाहिलं, मग कुंदाकडे.

"कुंदा... तू म्हणशील तसं करू. तू म्हणालीस तर ठेवू, नाहीतर..."

"हेही मीच ठरवायचं का भाऊ?" अठरा वर्षांत तिनं आवाज चढवला नव्हता, तो आज चढला. "माझा नवरा गेला, आणि तुमची लाज राखायची का नाही, हेही मीच सांगू? मी इतकी वर्षं तुमचा फोटो देवाजवळ लावून ठेवलाय, ठाऊक आहे तुम्हाला?"

भाऊंचा फोन वाजला, तो त्यांनी उचलला नाही. बाहेर भेटीसाठी ताटकळलेल्या माणसांना त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा नंतर या म्हणून निरोप धाडला. मग उठले आणि स्वतःच्या बोटानं 'नाही'वर दाबलं.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "उद्या सभागृहात ही नोंद मीच वाचीन. उभा राहून वाचीन. मग गौरव करायचा तर करोत, नाहीतर हाकलोत."

कुंदा डोळे पुसून जागेवर येऊन बसली. काम अर्धवट टाकायची तिला सवयच नव्हती. तिनं नोंद पुढे सरकवली, आणि खाली आणखी चार ओळी निघाल्या. या वेळी भाऊच मोठ्यानं वाचू लागले.

"प्रश्न विचारला गेला असता, तर श्रीमती कुंदा हटवार सदस्यांच्या कार्यालयात रुजू झाल्या नसत्या. दरवर्षी मे महिन्यात तालुक्यातल्या तेराही आरोग्य केंद्रांना फोन करून प्रतिविषाचा साठा तपासण्याची त्यांनी पाडलेली प्रथा सुरू झाली नसती. या प्रथेमुळे अठरा वर्षांत वाचलेल्या व्यक्ती, एकेचाळीस."

भाऊंचा आवाज वाचता वाचता सैल झाला. छातीवरचा धोंडा कोणी हातभर सरकवावा तसं त्यांना झालं. "एकेचाळीस! कुंदा, अगं एकेचाळीस माणसं! म्हणजे पाहायला गेलं तर शेवटी..."

"भाऊ, पुढचं बोलू नका."

भाऊंनी चष्मा काढून ठेवला.

"ते फोन मी केले, तुम्ही नाही. आणि कोणाला वाचवायचं म्हणून नाही केले. मला झोप यायची नाही म्हणून केले." कुंदाची नजर पडद्यावरच्या त्या आकड्यावरून हटत नव्हती. आता ती भाऊंशी बोलत होती की स्वतःशी, हे सांगणं कठीण होतं. "परवा ती शेंड्यांची सून लेकराला कडेवर घेऊन आली होती कार्यालयात. दोन वर्षांपूर्वी तिला मण्यार चावली होती, केंद्रात इंजेक्शन होतं म्हणून वाचली. माझ्या पाया पडली. मलाही बरं वाटलं."

"मग बरोबरच आहे ना ते," भाऊ हळूच म्हणाले.

"नाही जी. तुमच्या यंत्रानं आज मला दोन्ही वाटा दाखवल्या. एका वाटेनं माझा माणूस घरी येतो, दुसरीनं ही एकेचाळीस माणसं. खरं सांगू? मला निवडायला लावलं असतं, तर मी माझ्या माणसालाच मागितलं असतं. आजही त्यालाच मागीन, क्षणाचाही विचार न करता. मग उद्या ती शेंड्यांची सून पुन्हा समोर आली, तर कोणत्या तोंडानं तिच्याकडे बघू भाऊ?"