वाजवणाऱ्याचा हात

"ही कुणी केली?" मोडकी गिटार बघून, कानामागची पेन्सिल काढत दुकानदारानं विचारलं.

"मीच. कपाट सरकवताना हातून पडली."

"मोडली कुणी ते नाही विचारलं. बनवली कुणी?"

बाबांनी बनवली होती, लग्नाच्याही आधी. लाकडी पोटाच्या जागी स्टीलचा गोल डबा, आत उलटं बसवलेलं पातळ ॲल्युमिनियमचं झाकण. तार छेडली की झाकण थरथरतं आणि आवाज खोलीभर घुमतो. आई गेल्यापासून बाबा फारसे बोलत नाहीत. संध्याकाळी ही गिटारच काय ती घरात बोलते. आणि तिचीच दांडी मी मोडून ठेवली होती. बाबा पंधरा दिवस आत्याकडे गेले होते. ते परत यायच्या आत ती बोलती व्हायला हवी होती.

वाद्यं दुरुस्त करणाऱ्या त्या माणसानं डब्यावर टिचकी मारली, कान लावला आणि हसला. त्याचं हसू डाव्या गालापासून सुरू होतं, हे मी उगाचच टिपून ठेवलं.

"डबा ठणठणीत आहे. दांडी मात्र नवी लागेल. ती मी वाजवणाऱ्याच्या हाताच्या मापानं घडवतो... हात बघू."

मला गिटारमधलं ओ की ठो कळत नाही, हे तेव्हाच सांगायला हवं होतं. पण हात आपला आपणच पुढे गेला. त्यानं तळव्यावर दोरा धरला, एकेका बोटाची पेरं मापली, बोटांच्या टोकांवरून अंगठा फिरवला... इतक्या निगुतीनं माझा हात कधी कुणी धरला नव्हता. खरं सांगितलं तर सोडेल, एवढंच मनात आलं. मी हात तसाच राहू दिला.

मग रोज ऑफिस सुटलं की माझे पाय तिकडेच.

"सहज आले... दुकान वाटेतच पडतं."

"तुमचं घर उलट्या दिशेला आहे," लाकूड तासता तासता तो म्हणाला. "पावतीवर पत्ता आहे."

"पावत्या फार वाचता तुम्ही."

"सगळ्यांच्या नाही."

त्यानंतर बराच वेळ तो एकच जागा तासत राहिला.

चौदाव्या दिवशी त्यानं गिटार माझ्या मांडीवर ठेवली. बारीक, गुळगुळीत दांडी हातात अलगद बसली आणि मला बाबांचे हात आठवले. बाबांचा पंजा माझ्या दीडपट.

"ही... बाबा वाजवतात. मला येत नाही."

"मग हात का दिलात?"

"तुम्ही मागितलात."

त्याचे कान लाल झाले.

दुसऱ्या दिवशी बाबा आले. मी कपाटापासून सगळं कबूल केलं. मापाचं तेवढं गाळलं. बाबांनी गिटार उचलली. जाडजूड बोटांची दाटी झाली, तारा नुसत्याच खरखरल्या. मला रडू फुटणार होतं.

बाबांनी माझा डावा हात दांडीवर ठेवला. बघत राहिले.

"बेटा, इतकं नेमकं माप कुणी घेतलं?"

मी फरशीकडे बघू लागले. कित्येक महिन्यांनी बाबा हसले.

"चल. मलाही बघू दे त्याला."

दुकानात बाबांनी आपला पंजा पुढे केला. "माझ्यासाठी दुसरी दांडी करा. ही काढली तरी टाकू नका. घरात डबे पुष्कळ आहेत, हीच दांडी लावून लेकीसाठी एक नवी गिटार बनवू." आणि ते भिंतीवरची वाद्यं बघायला गेले.

मी हळूच म्हणाले, "तुमची मेहनत वाया घालवली. पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं."

"पहिल्याच दिवशी कळलं होतं मला." तो दोरा बोटाला गुंडाळत होता. "तारा दाबणाऱ्याच्या बोटांना घट्टे असतात. तुमची बोटं अगदी मऊ..."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर हात सोडावा लागला असता."

मी पुन्हा हात पुढे केला. तिकडे बाबा आमच्याकडे पाठ करून एका ढोलकावर टिचक्या मारत होते, जरा जास्तच जोरात.