लिहून देणार

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. एरवी भुताखेतांना मी दारात उभं करत नाही. पस्तीस वर्षं तारापूरच्या शाळेत इंग्रजी शिकवलंय.

तिथल्याच एका पारशी घराच्या रद्दीत मला दोनशे वर्षांपूर्वीची एक इंग्रजी कादंबरी सापडली. राजा वेडा झालेला, युवराज कारभार पाहतोय आणि लंडनची बडी मंडळी नाचघरांत एकमेकांचे झगे जोखताहेत. काय लिहिलं होतं बाईनं! एकेकाची सालं काढली होती. तिचं नाव मात्र कुठेच नव्हतं. छापलं होतं फक्त ‘एक स्त्री’. म्हटलं, मीही स्त्रीच आहे. मराठीत उतरवली आणि वर खुशाल माझं नाव घातलं.

टायपिंगला दिली कोळगावला, कचेरीसमोर खरेदीखतं टाइप करणाऱ्या नलूकडे. भर दुपारी आणायला गेले. दुकानात विझलेल्या मेणबत्तीचा वास येत होता. मेणबत्ती कुठे दिसेना.

शेवटचं पान पाहून मला हसू आलं. हाताच्या सवयीने नलूने खरेदीखतासारखं खाली सह्यांसाठी टाकलं होतं, डावीकडे ‘लिहून देणार’, उजवीकडे ‘लिहून घेणार’.

“अगं, ही कादंबरी आहे, जमिनीचा व्यवहार नाही!”

पण ‘लिहून देणार’खाली सही होती. तिरपी, किरटी, ओल्या शाईची. हॅरिएट पेल.

“ही कोणाची गं?”

“त्या बाईंची... आताच गेल्या. दारात भेटल्या नाय तुमाला?” नलू हळूच म्हणाली. “लांब झगा, कोपरापर्यंत हातमोजे. मला वाटलं नाटकातल्या हाईत, तुमीच पाठवल्या.”

दुकानाला दार एकच. मी त्यातूनच आले होते.

“काही बोलल्या?”

“नाय... रीतीपरमानं मी त्यांना शेवटचं पान वाचून दाखवलं. त्यांनी मान हलवली, सई केली. मंग वरचं तुमचं नाव बगितलं... आनि ह्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं.”

‘लिहून घेणार’वर.

भीती वाटली, पण लाज त्याहून जास्त वाटली. वरचं माझं नाव खोडलं आणि तिनं दाखवलेल्या जागी सही केली. आयुष्यभर प्रगतिपुस्तकांवर सह्या केल्या, पण इतक्या अभिमानाने एकही नाही.

हे बघा पुस्तक. मुखपृष्ठावर ठसठशीत तिचं नाव, खाली बारीक माझं. सह्यांचं पान मी छापायला दिलंच नव्हतं, ते माझ्या कपाटात आहे. तरी प्रत्येक प्रतीत शेवटी आलंय.

जपून उलटा... माझी सही वाळलीय. तिची अजून बोटाला लागते.